येथे काका थांबतात

सदर इसम पुरुष असून वय निवृत्तीच्या अलीकडचे आहे. उंची बेताची, बांधा खुर्चीस अनुरूप. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक कागदावर फिरून गुळगुळीत झालेले. पद : निरीक्षक, प्रयोग पडताळणी खाते. वर्तणूक : आहे. हास्य : कर्तव्यावर असताना आढळून आलेले नाही. राजकीय मते : मागणी केल्यास सादर करील. नाट्यकलेविषयी आवड : नाही (ही अर्हता समजावी). कुटुंब : पत्नी एक. तक्रारी : गुडघे दोन.

खात्यानं तयार केलेल्या या वर्णनात खोटं काही नाही. खात्याच्या कागदांत खोटं सहसा नसतंच. खरं तेवढं जरा अपुरं पडतं.

नाट्यगृहात त्यांना निरीक्षक कुणी म्हणत नसे. ‘पाचवी खुर्ची’ म्हणत. पहिल्या रांगेतली पाचवी खुर्ची खात्याची. तिच्या हातावर टोपी घातलेला एक छोटा दिवा होता, त्याचा उजेड फक्त मांडीवरच्या फळीवर पडायचा. फळीवर शिक्का मारलेली संहिता. वर नट बोलत जाई आणि खाली निरीक्षकांचं बोट ओळीखालून सरकत जाई. नटानं जास्तीचा शब्द टाकला की ‘वाढ’, शब्द खाल्ला की ‘गळती’, शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला की ‘फेरफार’. प्रयोग संपला की अहवाल. संहितेत हशाच्या जागाही छापलेल्या असत. लोक तिथे हसले नाहीत तरी चालायचं, पण दुसरीकडे हसले तर अहवालात यायचं.

विंगेत बसून नटांना शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर खात्यानं केव्हाच बंद केला होता. तो कानात नेमकं काय सांगतो हे तपासायचं कसं? कुजबुजीवर शिक्का मारता येत नाही. विरामाचं परिपत्रक मात्र नंतर आलं. कुठल्याशा नाट्यगृहात एक नट ‘आपलं सरकार’ एवढं म्हणून पाण्याचा घोट घ्यायला थांबला आणि लोकांनी त्या घोटाला टाळ्या दिल्या. तेव्हापासून एका श्वासाहून जास्त थांबणं हीही गळतीच.

अर्धं आयुष्य असं ओळीखाली बोट धरून काढलं की माणसाचं जे व्हायचं तेच निरीक्षकांचं झालं होतं. त्यांना गोष्ट ऐकू येत नसे. शब्दच ऐकू येत. एकदा त्यांची बायको शेजारणीला आपण कसं पडलो ते सांगत होती. निरीक्षक आतून म्हणाले, “परवा तू ‘जिन्यावरून’ म्हणाली होतीस. आज ‘पायरीवरून’ म्हणालीस.”

“अहो, पडले ना मी? गुडघा फुटला ना? मग झालं तर!”

“झालं. पण फेरफार झाला.”

शेजारीण त्यानंतर निरीक्षक कामावर गेले की मगच येऊ लागली.

अनेक वर्षं त्यांच्याकडे एकच नाटक होतं. एका घरी एक काका चार दिवसांसाठी पाहुणे म्हणून येतात आणि परत जायचं नावच काढत नाहीत, अशी ती विनोदी गोष्ट. खात्याला हे नाटक फार प्रिय होतं. त्यात कुणालाच काही नको असतं आणि काका तर प्रत्येक गोष्टीवर खूश. काकांची भूमिका करणारा नट तरुणपणी कुणी वेगळा असेलही. आता परवान्यावरचं नाव सोडलं तर तो काकाच होता. दूधवाला त्याला काका म्हणे, डॉक्टरही काकाच म्हणत. त्याची बायको याच नाटकात घरच्या वहिनीचं काम करी, म्हणून सगळे तिला वहिनी म्हणत. घरात नवरा-बायको, रंगमंचावर दीर-भावजय. “दिवसा नवरा म्हणून रुसतो आणि संध्याकाळी दीर म्हणून चहा मागतो,” असं वहिनी हसून सांगत, आणि हसत हसत स्वतःच्याच गालाला रंग लावत.

पहिला विराम आला तो दुसऱ्या अंकात.

प्रसंग साधा होता. पुतण्या विचारतो, “काका, कसं वाटतंय इथे?” काका म्हणतात, “उत्तम! इतकं उत्तम की परत जावंसंच वाटत नाही!” त्या दिवशी पुतण्यानं विचारलं. काकांनी तोंड उघडलं. निरीक्षकांचं बोट ‘उत्तम’खाली जाऊन थांबलं. वर काहीच आलं नाही. काकांनी छताकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे. “इथे...” म्हणाले, आणि पुन्हा गप्प.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. मग सबंध नाट्यगृह असं हसलं की दिव्याची टोपी थरथरली. कसं वाटतंय इथे, यावर भर सभेत गप्प राहणारा माणूस लोकांनी कैक वर्षांत पाहिला नव्हता.

निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी काकांचे डोळे पाहिले होते. परक्या घरात अंधारात दिव्याचं बटण चाचपडणाऱ्या माणसाचे डोळे होते ते. हा माणूस हिंमत बिंमत काही करत नव्हता. हा विसरला होता.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन वेळेआधीच आत आल्या आणि पुढचं वाक्य बोलून मोकळ्या झाल्या. गाडी रुळावर आली. त्या संध्याकाळी निरीक्षकांनी अहवालात लिहिलं : प्रयोग संहितेनुसार.

हे त्यांच्या नोकरीतलं पहिलं खोटं. आजवर त्यांनी खरं लिहिलं ते सचोटी उतू जात होती म्हणून नव्हे. खरं लिहिण्यात कष्ट कमी असतात, आणि निरीक्षकांना कष्टांचा कंटाळा होता. खोटं एकदा लिहिलं की ते सांभाळावं लागतं. का लिहिलं, हे घरी जाताना त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. पाय दुखत होते.

पुढच्या प्रयोगाला तिकिटं मिळेनात. कांद्याच्या दुकानासमोरच्या रांगेत निरीक्षकांच्या बायकोनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. एक बाई दुसरीला सांगत होती, “अगं, काल काय न बोलले काका! अंगावर काटा आला.”

“काय न बोलले?”

“ते कसं सांगू! तू स्वतः जाऊन नाही ऐकायला हवं.”

काका आता एका जागी नाही, दोन-तीन जागी थांबत. ‘आपल्या घरात कुणी उपाशी नाही’ हे वाक्य त्यांना अर्धंच आठवे, ‘आपल्या घरात...’ म्हणून ते टेबलाकडे बघत राहत, आणि लोक बाकं बडवत. लोकांच्या लेखी म्हातारा वाघ झाला होता. वाघाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढी टाळी कशाला पडते हे न कळून तो गोंधळे, गोंधळला की आणखी विसरे, आणि टाळी आणखी वाढे.

एका दुपारी, प्रयोगाआधी, निरीक्षक रंगपटात गेले. तिथे जायला त्यांना मनाई नव्हती. तिथे कुणी त्यांना ‘या’ म्हणत नसे एवढंच. काका आरशासमोर शांत बसले होते आणि वहिनी त्यांच्या मिशा चिकटवत होत्या.

“खुर्चीसाहेब आलेत,” वहिनी म्हणाल्या.

काका आरशातूनच नमस्कार करून म्हणाले, “बसा. आमचं घर लहान आहे, पण माणसं चांगली आहेत.” हे पहिल्या अंकातलं वाक्य होतं. शब्दन् शब्द बरोबर. निरीक्षकांचं बोट नकळत मांडीवर सरकलं.

वहिनींनी त्यांना दारापाशी नेलं. “तुम्हाला कळलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “कळलंय आणि लिहिलं नाहीत. का, ते विचारत नाही. विचारलं तर तुम्ही विचार करत बसाल.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवलं. डॉक्टर म्हणाले, घरी विश्रांती द्या.” वहिनींनी हातातला रंगाचा फडका घडी करून ठेवला, मग पुन्हा उलगडला. “घरी ते मला ‘बाई’ म्हणतात. परवा म्हणाले, ‘बाई, काम उरकलं असेल तर निघा तुम्ही, माझी बायको येईल इतक्यात.’ मी म्हटलं, कशी आहे तुमची बायको? तर म्हणाले, ‘भांडखोर आहे, पण तिच्याशिवाय करमत नाही.’ इतक्या वर्षांत तोंडावर कधी बोलले नव्हते. आता परक्या बाईला सांगतात.”

निरीक्षक गप्प राहिले. खात्याच्या हिशेबानं ही गळती झाली असती.

“आणि वर?” त्यांनी विचारलं.

“वर ओळखतात. पडदा वर गेला, दिवे लागले, मी आत पाऊल टाकलं की मान वळवतात. ‘वहिनी, चहा!’ डोळ्यांत ओळख असते हो, तेवढं बाईमाणसाला कळतं. बायको म्हणून नाही, तर नाही. वहिनी म्हणून का होईना, ओळखतात.” त्यांनी मागे वळून काकांकडे पाहिलं. “परवाना गेला की तेही गेलं. मग चोवीस तास मी बाईच.”

एवढंच काय ते पणाला लागलं होतं. राज्य उलथत नव्हतं. एका बाईला दिवसातले दोन तास नवऱ्याच्या ओळखीचं राहायचं होतं.

पण हशाला पाय असतात. नाट्यगृहाबाहेरच्या चौकातल्या वाहतूक हवालदारानं, विनोदी नाटकाला मंजूर असलेल्यापेक्षा मोठा हशा रस्त्यापर्यंत येतो, अशी वर्दी दिली. निरीक्षकांना उपसंचालकांनी बोलावलं.

उपसंचालक त्यांच्याहून पुष्कळ लहान, हुशार, आणि कायम सर्दी झालेले गृहस्थ होते. टेबलावर फायली आणि फायलींवर ओला रुमाल. त्यांना कुणाचा छळ करायची हौस नव्हती. त्यांना संध्याकाळपर्यंत टेबल मोकळं हवं असे. त्यांच्या टेबलावरून माणसं सुधारगृहात गेली ती याच कारणानं.

“बसा. गुडघे कसे आहेत?”

“आहेत.”

“तुमचे अहवाल म्हणतात, संहितेनुसार. हवालदार म्हणतो, बाकं बडवतात. यातलं एक वाचून मला हसू यायला हवं. पण मला हसू येत नाही, मला फाईल येते.” ते शिंकले. “तो म्हातारा थांबतो. खरं?”

“थांबतात.”

“मुद्दाम, की विसरून? मुद्दाम असेल तर सुधारगृह. विसरून असेल तर परवाना रद्द, घरी बसा. दोन्हीचे छापील नमुने माझ्याकडे आहेत. तुम्ही फक्त कुठला काढू ते सांगा.”

निरीक्षकांनी टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे ओळ नव्हती, तरी ते जरासं सरकलं. त्यांना शौर्याचा झटका वगैरे आला नाही. अतिशय दमल्यासारखं वाटलं. आणि दमलेल्या माणसाला जसं जवळचं दार दिसतं तसं त्यांना ते दिसलं.

“दोन्ही नाही, साहेब. छपाईची चूक आहे.”

उपसंचालकांनी रुमाल खाली ठेवला. छपाईची चूक हा त्या खात्यातला सगळ्यात सुखाचा शब्द होता. त्यात कुणी गुन्हेगार नसतो, कुणी जबाबदार नसतो, आणि दुरुस्ती एका सहीनं होते.

“म्हणजे?”

“विराम मूळ नाटकातलेच आहेत. ‘येथे काका थांबतात’ अशी सूचना होती. मंजूर प्रत छापताना राहून गेली. ते थांबतात ते बरोबरच थांबतात. चुकतोय तो आपला कागद.”

“मूळ प्रत आहे?”

“जुन्या इमारतीबरोबर जळाली.”

“लेखकाला विचारावं लागेल.”

“लेखक आपल्याकडेच आहेत. सुधारगृहात. दुसऱ्या नाटकाबद्दल.”

“मग संमती गृहीत धरता येईल,” उपसंचालक समाधानानं म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

अशा रीतीनं त्या देशात एका माणसाच्या गप्प राहण्याला प्रथमच अधिकृत मंजुरी मिळाली. नाट्यगृहाच्या दाराशी पाटी लागली : ‘मान्यताप्राप्त दुरुस्तीसह (येथे काका थांबतात)’. वहिनींना निरीक्षकांनी जिन्यात सांगितलं तेव्हा त्या खालच्या पायरीवर मटकन बसल्या. “तुम्ही हे केलंत?” म्हणाल्या. “मी तुम्हाला इतकी वर्षं मेलं लाकूड समजत होते.”

“तेच समजा. सोपं पडतं.”

घोटाळा झाला तो त्याच संध्याकाळी. नाट्यगृह तुडुंब. लोक विरामासाठी आले होते, पण जरा बावरलेले होते. सरकारनंच गप्प बसायला सांगितलं असेल तर त्यात मजा काय, असा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. दुसरा अंक आला. पुतण्यानं विचारलं, “काका, कसं वाटतंय इथे?” निरीक्षकांचं बोट ‘येथे काका थांबतात’ या नव्या ओळीखाली जाऊन उभं राहिलं.

आणि काकांना वाक्य आठवलं.

“उत्तम!” काका खणखणीत आवाजात म्हणाले. “इतकं उत्तम की परत जावंसंच वाटत नाही!”

क्षणभर कुणालाच कळेना. मग नाट्यगृह फुटलं. सरकार म्हणतंय गप्प बस, आणि म्हातारा म्हणतोय सगळं उत्तम आहे! माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. कुणी टोपी उडवली, कुणी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. काका टाळ्या ऐकून आनंदानं वाकले. त्यांचं वाक्य बरोबर आलं होतं, त्याबद्दल लोक शाबासकी देताहेत असं त्यांना वाटलं. आणि इतक्या दिवसांत त्यांचा समज त्या संध्याकाळीच काय तो बरोबर होता.

निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळीच उपसंचालकांच्या दारात उभे.

“आता काय?”

“साहेब, सूचना अशी करावी : ‘येथे काका थांबतात किंवा बोलतात.’”

उपसंचालक इतके दचकले की त्यांची शिंक अडली. “किंवा? संहितेत किंवा? अहो, किंवामधूनच तर सगळं सुरू होतं! उद्या लोक विचारतील, आणखी कुठे कुठे किंवा आहे?” ते पाणी प्यायले. “एक काहीतरी ठरवा.”

निरीक्षकांनी ठरवलं. काकांचं वाक्य संहितेतून काढलं आणि ते वहिनींना दिलं. पुतण्या विचारे, “काका, कसं वाटतंय इथे?” वहिनी ट्रे ठेवत म्हणत, “उत्तम वाटतंय त्यांना! इतकं उत्तम की परत जावंसंच वाटत नाही!” आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवत. तो हात कशासाठी आहे हे फक्त तिघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला ते लक्षात राहत नसे. काकांच्या तोंडाशी शब्द आलाच, तर हात जरा दाबायचा. तोंडाशी काहीच आलं नाही, तर हात नुसता ठेवायचा.

त्यानंतरची गोष्ट रखडत गेली. आज एक वाक्य काकांच्या हातून निसटे. आठवड्यानं निरीक्षक दुरुस्तीचा कागद घेऊन खात्यात जात. ते वाक्य वहिनींच्या, नाहीतर पुतण्याच्या वाटणीला येई. उपसंचालक आता वाचतही नसत. “आलं का तुमचं गळकं छप्पर?” एवढं म्हणून सही करत. काका विसरतील तसतशी संहिता विसरत गेली. माणसापेक्षा कागद मागे पडू नये, एवढी काळजी निरीक्षक घेत. निवृत्तीजवळ आलेल्या माणसाला ही शर्यत पेलवणारी नव्हती. पण धावायचं होतं ते बोटानं, त्यामुळे निभत होतं.

प्रेक्षक पांगले. दोन-चार आठवडे वाट पाहून त्यांनी काकांना विकला गेलेला माणूस ठरवलं. कांद्याच्या रांगेतली बाई आता म्हणत होती, “घेतलं असेल काहीतरी. नाहीतर सरकार असं गप्प बसू देतं होय कुणाला?” नाट्यगृह रिकामं दिसू नये म्हणून खात्यानं कार्यालयांना आळीपाळीनं तिकिटं सक्तीची केली. ही नोकर मंडळी येत, चपला सैल करत, आणि पहिल्या अंकातच झोपी जात. छापलेल्या जागीसुद्धा हशा येईना. निरीक्षकांना त्याबद्दल आकस नव्हता. त्यांनाही झोपायला आवडलं असतं.

याच सुमारास त्यांचा बदलीचा अर्ज मंजूर झाला. दुकानांच्या पाट्या तपासण्याचं काम. सकाळी दोन रस्ते फिरायचे, दुपारी घरी जेवायचं, जिने नाहीत, अंधार नाही. हा अर्ज त्यांनी इतक्या पूर्वी केला होता की वाचताना अक्षर कुणाचं ते त्यांना पटकन ओळखू आलं नाही. बायकोनं त्या दिवशी घर झाडलं, खिडकीशी दुपारच्या जेवणासाठी दोन खुर्च्या मांडल्या.

निरीक्षक संध्याकाळी येऊन त्यातल्या एका खुर्चीवर बसले. “नाही म्हणून कळवलंय.”

“कुणाला?”

“खात्याला. पाट्यांना नाही म्हटलं.”

बायकोनं दुसरी खुर्ची उगाच जरा सरळ केली. मग म्हणाली, “त्या नाटकात एवढं काय आहे, हे मला एकदा सांगा. विनोदी आहे म्हणता, आणि तुम्ही आजवर त्यातला एक विनोद घरी आणला नाहीत.”

“माझ्या जागी नवा माणूस आला, तर तो ऐकेल. त्याला कळेल.”

“काय कळेल?”

निरीक्षकांनी सांगितलं. काका, वहिनी, ‘बाई’, खांद्यावरचा हात, सगळं. सांगायची सवय नसल्यामुळे त्यांनी दोनदा क्रम चुकवला, एकदा मागे जाऊन तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगितलं. बायकोनं फेरफार धरला नाही.

“गुडघे तुमचे आणि संसार दुसऱ्याचा,” ती शेवटी म्हणाली. उठून तिनं खिडकीतली एक खुर्ची परत आत नेली. दुसरी मात्र, ते बसलेले असल्यामुळे, तिथेच राहिली. मग आतून म्हणाली, “ती बाई जेवते का वेळेवर?”

“विचारलं नाही.”

“विचारा.”

हिवाळ्याच्या सुमारास काकांच्या वाटणीला रंगमंचावर येण्याची, उठण्याची, दाराकडे बघण्याची कामंही राहिली नाहीत. तीही एकेक करून कागदावरून उतरली. पडदा वर जाई तेव्हा ते मधल्या आरामखुर्चीत बसलेले असत आणि खाली येई तेव्हाही तिथेच. बाकीचं घर त्यांच्याभोवती बोले, हसे, भांडे, चहा आणे. नाटक विचित्र झालं होतं की चांगलं झालं होतं, हे सांगायला जागा राहिलेला एकच प्रेक्षक नाट्यगृहात होता, आणि नाट्यकलेची आवड नसणं ही त्याची अर्हता होती.

एका प्रयोगानंतर वहिनी रंग पुसत होत्या. निरीक्षक दारात उभे राहिले. आता त्यांना ‘या’ म्हणायची पद्धत पडली होती.

“जेवता का वेळेवर?” त्यांनी विचारलं. “घरून विचारायला सांगितलंय.”

“जेवते म्हणावं.” वहिनींना हसू आलं. “तुमच्या घरून अजून काय काय विचारायला सांगितलंय?”

“हे माझं आहे.” निरीक्षकांनी घसा साफ केला. “आज तुम्ही आत आलात तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.”

“नाही वळवली.”

“काल वळवली होती.”

“काल वळवली होती,” वहिनी म्हणाल्या. त्या पलीकडे बघत होत्या. काका स्टुलावर बसून, कुणीतरी बूट काढून देईल म्हणून पाय पुढे करून थांबले होते. “आता रोज नाही ओळखत. चार दिवसांतून एकदा. कधी तेही नाही. पण घरी तर कधीच नाही हो.” त्या उठल्या, काकांसमोर खाली बसल्या आणि बुटाची नाडी सोडू लागल्या. “तुम्हाला कंटाळा आला असेल तर सांगा. मी समजून घेईन.”

“कंटाळा मला पहिल्यापासूनच आहे,” निरीक्षक म्हणाले. “त्याचं काही नाही.”

वर्षअखेरीस खात्याचा समारंभ झाला. उपसंचालकांनी रुमाल खिशात ठेवून प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं : सदर निरीक्षकांच्या देखरेखीखालील नाट्यप्रयोगात संपूर्ण वर्षभरात वाढ, गळती अथवा फेरफार यांपैकी काहीही आढळून आलेले नाही. प्रमुख भूमिका करणाऱ्या कलावंताने मंजूर संहितेचे जे काटेकोर पालन केले आहे ते सर्व नाट्यगृहांस आदर्शवत आहे. सबब निरीक्षकांचा गौरव करण्यात येत असून, सदर कलावंताच्या परवान्याचे नूतनीकरण तहहयात करण्यात येत आहे.

त्या नाटकात काकांना आता एकही वाक्य नाही.